धबधब्याचे पाणी प्रिंटवर चुन्यासारखे पांढरे का उतरते? कृष्णधवल फिल्म आणि डार्करूममधील एका जुन्या दुखण्याचे निवारण

पावसाळा सरत आला की कृष्णधवल फिल्मवर काम करणाऱ्या आमच्या भागातील मंडळींकडून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. अजिंठ्याच्या सप्तकुंडाचे, पाटोदा तालुक्यातील सौताड्याचे किंवा किनवटकडच्या सहस्रकुंडाचे छायाचित्र काढलेले असते, रोल घरीच धुतलेला असतो आणि निगेटिव्ह उजेडात धरून पाहताना सारे ठीक वाटते. पण एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर टाकणाऱ्या यंत्राखाली, प्रिंट काढली की कातळ काळाकभिन्न आणि त्यातून पडणारे पाणी मात्र कात्रीने कापून चिकटवलेल्या कोऱ्या कागदाच्या पट्टीसारखे दिसते. त्यात ना धारा दिसतात, ना पाण्याची जाडी. प्रिंटचे एक्स्पोजर वाढवावे तर कातळ डांबरासारखा होतो आणि कागदाची ग्रेड, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला तीव्रपणा, उतरवावी तर सगळे चित्रच राखाडी व निस्तेज होते. हे दुखणे मी स्वतः अनेक पावसाळे सोसले आहे. ते बरे व्हायला इतका वेळ लागला, कारण या एका लक्षणामागे चार निरनिराळी कारणे असू शकतात आणि आपण बहुतेक वेळा भलत्याच कारणावर उपाय करत राहतो.

आपल्याकडे ही अडचण अधिक तीव्र होते, त्याला इथला दगडही कारणीभूत आहे. मराठवाड्यातील बहुतेक धबधबे दख्खनच्या बेसाल्टवरून कोसळतात. हा दगड मुळात गडद असतो, पावसाळ्यात भिजला की तो आणखी काळा पडतो आणि दरीच्या आतल्या बाजूला, कपारींमध्ये, त्याच्यावर उजेडच पोहोचत नाही. त्याच चौकटीत फेसाळलेले पाणी असते आणि दृश्यातले तेच सर्वांत उजळ असते. मृग सरून आर्द्रा लागल्यावर एखाद्या ढगाळ दुपारीसुद्धा या दोहोंमध्ये चार-पाच स्टॉपचा फरक मी मोजला आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ऊन पडले तर तोच फरक सातापर्यंत सहज जातो.

आधी निगेटिव्ह वर्तमानपत्रावर ठेवावी

कागद, फिल्टर किंवा डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) बदलण्याच्या आधी निदान करावे, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. वाळलेली निगेटिव्ह दिवसाच्या उजेडात वर्तमानपत्राच्या छापील मजकुरावर सपाट ठेवावी आणि पाण्याच्या भागातून, म्हणजे निगेटिव्हवरील सर्वांत काळ्या भागातून, खालची अक्षरे वाचता येतात का ते पाहावे. ही जुन्या छायाचित्रकारांची कसोटी आहे आणि ती आजही उत्तम चालते. अक्षरे जेमतेम वाचता येत असतील तर पाण्याचा तपशील निगेटिव्हमध्ये आहे आणि दोष प्रिंट काढण्यात आहे. अक्षरे अजिबात दिसत नसतील तर दोष निगेटिव्हमध्येच आहे. अक्षरे वाचता येतात, पण भिंगाखाली पाण्यात एकही रेघ सापडत नाही, असे असेल तर शटरची वेळ चुकलेली आहे. चौथी शक्यता सर्वांत फसवी असते: पाण्याची घनता योग्य असते, परंतु कातळाच्या जागी निगेटिव्ह जवळजवळ कोरी, काचेसारखी असते.

निगेटिव्ह जास्त काळी झाली असेल तर ती कॅमेऱ्यात जास्त प्रकाश मिळाल्यामुळे की डेव्हलपिंगच्या टाकीत जास्त वेळ राहिल्यामुळे, हेही ओळखता येते. फिल्मच्या कडेला छापून येणारे आकडे आणि अक्षरे कारखान्यातच प्रकाशित झालेली असतात, त्यामुळे त्यांच्यावर आपल्या कॅमेऱ्याचा काहीही परिणाम होत नाही, फक्त डेव्हलपिंगचा होतो. ती अक्षरे नेहमीपेक्षा जाड आणि फुगलेली दिसली तर दोष डेव्हलपिंगचा समजावा. ती नेहमीसारखी असून चित्रातला कातळही बराच घन उतरला असेल तर कॅमेऱ्यातले मोजमाप चुकले आहे. माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक तक्रारी या एका तपासणीत मार्गी लागतात.

मोजमाप कातळाचे, पण कातळ म्हणेल तसे नाही

प्रकाश मोजणारा मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम राखाडी मानतो. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग ओल्या काळ्या कातळाने व्यापलेला असेल तर कॅमेऱ्याचा सरासरी मीटर त्या कातळाला राखाडी करण्याइतका प्रकाश मागतो आणि तेवढ्या प्रकाशात पाण्याचा बळी जातो. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी मांडलेल्या झोन पद्धतीचा येथे खरा उपयोग होतो, आणि तो समजायला अवघड नाही. तीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे शून्य ते दहा असे झोन मानतात; मध्यम राखाडी हा पाचवा झोन आणि प्रत्येक झोन म्हणजे एक स्टॉप. ज्या कातळात आपल्याला पोत हवा आहे तो तिसऱ्या झोनमध्ये ठेवावा, म्हणजे त्याच्यावर घेतलेल्या मोजमापापेक्षा दोन स्टॉप कमी द्यावेत. मग पाणी कोणत्या झोनमध्ये पडते ते मोजावे. पोत असलेले पांढरे सातव्या ते आठव्या झोनमध्ये बसते, त्याच्या वर गेले की कागदाकडे त्याच्यासाठी काही उरत नाही.

एक उदाहरण देतो. समजा आपण इलफोर्डची एफपी४ प्लस ही १२५ आयएसओची फिल्म वापरत आहोत आणि डायफ्रॅम १६ वर आहे. ढगाळ उजेडात स्पॉट मीटर, म्हणजे एका लहानशा भागाचाच प्रकाश मोजणारा मीटर, कपारीतल्या कातळासाठी २ सेकंद सांगतो आणि पाण्यासाठी १/१५ सेकंद; म्हणजे फरक पाच स्टॉपचा आहे. कातळ तिसऱ्या झोनमध्ये ठेवायचा म्हणून दोन स्टॉप कमी करून आपण १/२ सेकंद देतो. पाणी आपोआप आठव्या झोनमध्ये पडते आणि डेव्हलपिंग थोडे कमी केले की ते सातव्याच्या आसपास येऊन बसते. आता याच जागी ऊन पडले, कातळासाठी ४ सेकंद आणि पाण्यासाठी १/३० सेकंद अशी मोजमापे आली, तर फरक सात स्टॉपचा होतो आणि पाणी दहाव्या झोनमध्ये जाते. अशा वेळी मी ढगाची वाट पाहतो. डेव्हलपिंग फारच कमी करून ते पाणी वाचवता येते, पण मग कातळाचे पदर एकमेकांपासून वेगळे दिसेनासे होतात, आणि सह्याद्रीच्या या फाट्यांमधील कातळाचे थर हेच मला तरी पाण्याइतके महत्त्वाचे वाटतात.

स्पॉट मीटर नसेल तर टेलिफोटो लेन्स लावून कॅमेऱ्याच्याच मीटरने कातळाचे आणि पाण्याचे मोजमाप वेगवेगळे घ्यावे. अजिंठ्यासारख्या संरक्षित स्थळी ट्रायपॉडसाठी आधी परवानगी काढावी लागते आणि सोमवारी लेणी बंद असतात, हे निघण्यापूर्वीच लक्षात ठेवावे.

शटरच्या वेळेबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पाणी कोरे दिसण्याचे कारण नेहमी जास्त प्रकाश हेच नसते. शटर दहा-वीस सेकंद उघडे राहिले की पाण्यातला प्रत्येक उजळ आणि प्रत्येक गडद ठिपका एकाच जागेवरून असंख्य वेळा सरकतो, त्यांची सरासरी होते आणि उरतो तो एकसारखा पांढरा पडदा. अशा निगेटिव्हमध्ये तपशील मुळातच नसतो, मग डार्करूममध्ये तो कोठून आणणार? सप्तकुंडासारख्या टप्प्याटप्प्याने उड्या घेणाऱ्या पाण्याला १/४ ते १/२ सेकंद मला सर्वांत योग्य वाटतात, कारण त्यात धारांच्या रेघा उमटतात आणि तरीही पाणी वाहते आहे हे कळते. बीडजवळच्या कपिलधारसारख्या ठिकाणी धार बारीक झालेली असेल तर पूर्ण एक सेकंदही चालतो.

कातळ कोरा, म्हणून कागद कडक, म्हणून पाणी चुना

आता त्या चौथ्या, फसव्या प्रकाराकडे वळतो. माझे स्वतःचे सर्वांत जास्त कागद यातच वाया गेले आहेत. वरच्या उदाहरणातील १/२ सेकंदाच्या जागी लांब एक्स्पोजर हवे म्हणून आपण सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी राखाडी काच) लावतो आणि हिशेबाने ३२ सेकंद देतो. हिशेब कागदावर बरोबर असतो, पण फिल्म तो मानत नाही. एक सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनशीलता घसरत जाते, यालाच रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. इलफोर्डने आपल्या फिल्मसाठी दिलेले सूत्र सोपे आहे: मोजलेल्या सेकंदांचा ठरावीक घात करायचा, एफपी४ प्लससाठी तो घात १.२६ आहे आणि एचपी५ प्लससाठी १.३१. त्याप्रमाणे एफपी४ प्लसवर ४ सेकंदांचे पावणेसहा होतात, ८ चे सुमारे १४, १६ चे ३३, आणि आपल्या ३२ सेकंदांचे जवळजवळ ७९. ही दुरुस्ती केली नाही तर फिल्मला सव्वा स्टॉपाहून अधिक प्रकाश कमी पडतो.

हा तुटवडा सर्व भागांना सारखा जाणवत नाही. पाण्याकडून भरपूर प्रकाश येतो, त्यामुळे ते बरेचसे तग धरते. कातळाकडून मुळातच थोडा येतो आणि तोही फिल्मवर नीट नोंदला जात नाही. परिणामी कातळ कोरा राहतो, प्रिंट फिकट व धूसर येते, आणि आपण काळेपणा आणण्यासाठी एन्लार्जरला चार किंवा पाच क्रमांकाचा कडक, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणारा, फिल्टर लावतो. तो कडक फिल्टरच पाण्याचा उरलासुरला तपशील खाऊन टाकतो. दोष दिसतो पाण्यात, पण तो झालेला असतो कातळात, आणि म्हणूनच पाण्यावर कितीही उपाय केले तरी गुण येत नाही.

लांब एक्स्पोजर करायचेच असेल तर दुरुस्त केलेली वेळ द्यावी. ती दिल्यावर उजळ भागांना गरजेपेक्षा अधिक प्रकाश मिळतो, म्हणून डेव्हलपिंगची वेळ १० ते २० टक्क्यांनी कमी करावी. तुषारांच्या धूसरपणावर उपाय म्हणून लाल फिल्टर लावण्याचा सल्ला काही जण देतात, तो मात्र मला पटत नाही. तुषारांचे थेंब सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, त्यामुळे लाल फिल्टरने ते भेदले जात नाहीत. उलट दरीतल्या सावल्यांना आकाशाचा निळसर उजेड मिळत असल्याने त्या आणखी काळ्या होतात. ओल्या दगडावरची चमक त्रासदायक वाटत असेल तर पोलरायझर हा चमक कमी करणारा फिल्टर उपयोगी पडतो, त्याला दीड ते दोन स्टॉप द्यावे लागतात. ती चमक पूर्ण मात्र घालवू नये, कारण दगड ओला आहे हे तिच्यावरूनच कळते.

टाकीतले पाणी २० अंशांचे नसते

डेव्हलपरच्या बाटलीवर २० अंश सेल्सिअस लिहिलेले असते. आमच्या संभाजीनगरात भर पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी मी २७-२८ अंश मोजले आहे, आणि जूनच्या आरंभी तर ते तिशीही ओलांडते. एफपी४ प्लससाठी आयडी-११ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक प्रमाणात मिसळून २० अंशांना ११ मिनिटे सांगितलेली आहेत. तीच ११ मिनिटे २८ अंशांना दिली तर पाण्याचा भाग इतका काळा होतो की वर्तमानपत्राचे मथळेसुद्धा त्यातून दिसत नाहीत. बाहेर धुवायला दिलेल्या रोलच्या बाबतीतही हा अनुभव येतो, म्हणून महत्त्वाचा रोल घरीच धुवावा असे माझे ठाम मत आहे.

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मोठ्या घमेल्यात बर्फाचे पाणी घेऊन त्यात रसायनांच्या बाटल्या आणि टाकी ठेवणे. बर्फ डेव्हलपरमध्ये थेट टाकू नये, तो विरघळून द्रावण पातळ होते. दुसरा मार्ग, जो मी गेली काही वर्षे पाळतो, तो म्हणजे २४ अंश हेच आपले घरचे प्रमाण मानणे. तापमान एका अंशाने वाढले की वेळ साधारण १० टक्के कमी करावी लागते, त्यामुळे ११ मिनिटांचे २४ अंशांना सुमारे सव्वासात होतात, आणि तेथून स्वतःच्या एक-दोन रोलवर पारखून वेळ पक्की करता येते. पाच मिनिटांच्या खाली वेळ जाऊ देऊ नये, कारण मग डेव्हलपिंग असमान होते. फिक्सर (उमटलेले चित्र कायम करणारे रसायन) आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाजवळ असावे. धबधब्याच्या रोलला मी ठरलेल्या वेळेपेक्षा १५ टक्के कमी देतो आणि टाकी मिनिटातून एकदाच, हलक्या हाताने उलटी करतो.

बोअरच्या जड पाण्याबद्दलही थोडे सांगावे लागेल. त्यातले क्षार निगेटिव्हवर वाळतात आणि प्रिंटमध्ये काळ्या कातळावर पांढरे ठिपके उमटतात. धबधब्याच्या चित्रात ते तुषारांसारखे दिसतात, त्यामुळे कित्येक दिवस त्यांचा संशयही येत नाही. फिल्म शेवटी खळबळून घ्यायची ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेटिंग एजंटचे (पाणी थेंबाथेंबांनी साचू न देणाऱ्या द्रावणाचे) दोन-चार थेंब टाकून घ्यावी. डेव्हलपरही त्याच पाण्यात कालवावा. फिल्म धुण्यासाठी मात्र वाहता नळ लागत नाही. साध्या, कडक न करणाऱ्या फिक्सरनंतर टाकीत पाणी भरून ती ५ वेळा उलटी करावी, पाणी बदलून १० वेळा, पुन्हा बदलून २० वेळा. एका रोलला लिटरभरही पाणी लागत नाही आणि फिल्म पूर्ण धुतली जाते. ज्या प्रदेशात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही पद्धत प्रत्येकाने शिकून घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रिंट: पाण्यासाठी सेकंद, कातळासाठी ग्रेड

निगेटिव्ह वर्तमानपत्राच्या कसोटीला उतरली असेल तर पुढचे काम आनंदाचे आहे. मल्टिग्रेड कागदावर (ज्याची ग्रेड फिल्टरने बदलता येते) आधी दोन क्रमांकाच्या फिल्टरने टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वाढत्या वेळांची चाचणी-पट्टी, काढावी, आणि ती कातळावरून न काढता धबधब्याच्या आडवी, सर्वांत उजळ भागावरून काढावी. ज्या पट्टीत पाण्याला पहिल्यांदा अगदी पुसट राखाडी छटा येते ती वेळ धरावी. त्या वेळेला कातळ फिका वाटला तर फिल्टर एकने चढवावा, फार काळा वाटला तर उतरवावा, आणि फिल्टर बदलल्यावर पाण्याची पट्टी पुन्हा काढावी. उलट क्रमाने, म्हणजे कातळ पाहून वेळ ठरवली, की पाणी सुटलेच.

कठीण निगेटिव्हसाठी दोन फिल्टरांची पद्धत वापरावी. सर्वांत मऊ, म्हणजे शून्य-शून्य क्रमांकाच्या फिल्टरने पाण्याला छटा द्यावी आणि मग पाच क्रमांकाच्या फिल्टरने कातळाला काळेपणा द्यावा. माझ्या सप्तकुंडाच्या एका निगेटिव्हची नोंद अशी आहे: शून्य-शून्यने ९ सेकंद, पाचने ७ सेकंद, आणि त्यानंतर पुन्हा शून्य-शून्यने फक्त पाण्याच्या धारेवर ६ सेकंद बर्निंग, म्हणजे तेवढ्याच भागाला जादा प्रकाश. बर्निंग मऊ फिल्टरनेच करण्याला कारण आहे. मऊ फिल्टरचा प्रकाश पांढऱ्या भागात छटा चढवतो, पण शेजारच्या आधीच काळ्या झालेल्या कातळावर तो सांडला तरी तेथे फारसा फरक दिसत नाही. हेच बर्निंग कडक फिल्टरने केले तर धारेच्या दोन्ही बाजूंना काळी किनार येते. पुठ्ठ्याला धारेच्या आकाराची फट पाडून घ्यावी आणि तो सतत हलता ठेवावा.

इतके करूनही पाण्यातला एखादा फेसाचा गोळा हट्टाने कोराच राहिला, तर फ्लॅशिंगचा मार्ग आहे. निगेटिव्ह काढून ठेवून, एन्लार्जरचा डायफ्रॅम शक्य तितका लहान करून, कागदाला इतका थोडा पांढरा प्रकाश द्यायचा की एकट्या त्या प्रकाशाने काहीच उमटणार नाही. त्यासाठी एक-एक सेकंदाची पट्टी काढून, जिथे पहिली छटा दिसते त्याच्या आधीची वेळ घ्यावी. मग त्या कागदावर नेहमीप्रमाणे प्रिंट काढली की निगेटिव्हच्या घन भागातून येणारा क्षीण प्रकाशसुद्धा नोंदला जातो.

आणखी एक सवय टाळावी. पाणी काळवंडते आहे असे वाटले की काही जण प्रिंट डेव्हलपरमधून घाईने उचलतात. आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदाला पूर्ण एक मिनिट आणि फायबर (असा थर नसलेल्या) कागदाला दोन मिनिटे द्यावीत, आणि चूक सुधारायची ती एन्लार्जरच्या वेळेत सुधारावी.

उलट तक्रार: पाणी मळकट राखाडी येते

पाण्यात धारा आहेत, पण पांढरेपणा नाही, अशी तक्रार आली तर मी प्रथम सेफलाइट, म्हणजे डार्करूममधला कागदाला न बाधणारा मंद रंगीत दिवा, तपासायला सांगतो. नुसत्या कोऱ्या कागदावर नाणे ठेवून ही तपासणी करू नये, ती फसवते. कागदाला आधी एन्लार्जरखाली अगदी पुसट राखाडी छटा येईल एवढा प्रकाश द्यावा, मग त्यावर नाणे ठेवून तो सेफलाइटखाली पाच-सात मिनिटे ठेवावा आणि डेव्हलप करावा. नाण्याचा गोल दिसला तर सेफलाइट जवळ आहे, बल्ब मोठा आहे किंवा फिल्टर विटला आहे. उन्हाळाभर तापलेल्या खोलीत पडून राहिलेला कागदही असाच धुरकट होतो, म्हणून तो फ्रीजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट उघडू नये.

फायबर कागद ओला असताना पाणी झळाळते आणि सकाळी वाळलेल्या प्रिंटमध्ये तेच मंद दिसते. वाळताना हा कागद थोडा गडद होतो, हा त्याचा स्वभाव आहे. टेस्ट स्ट्रिपचा अर्धा तुकडा हेअर ड्रायरने वाळवून दुसऱ्या ओल्या अर्ध्याशेजारी ठेवावा आणि जेवढा फरक दिसेल तेवढी वेळ कमी करावी; माझ्या कागदाला ८ टक्के कमी करावे लागतात.

शेवटी एक कारण असे आहे की ज्यात छायाचित्रकाराचा काहीच दोष नसतो. पैनगंगेला पूर आलेला असताना सहस्रकुंडावर जे कोसळते ते पांढरे पाणी नसतेच. शेताशिवारातली माती घेऊन आलेला तो तांबूस, गढूळ लोंढा असतो आणि कृष्णधवल फिल्म त्याला मध्यम राखाडी म्हणूनच नोंदवते. त्याला प्रिंटमध्ये ओढूनताणून पांढरे केले की फेस कोरा होतो आणि आपण पुन्हा पहिल्या तक्रारीवर येतो. अशा दिवशी कॅमेऱ्यावर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावावा, म्हणजे मातीचा तांबूस रंग एक-दीड छटेने उजळतो आणि आजूबाजूची हिरवळ फारशी बिघडत नाही. मी मात्र आता नवरात्राच्या सुमारास पुन्हा एकदा जातो. तोपर्यंत पूर ओसरलेला असतो, पाणी निवळलेले असते, धारा वेगवेगळ्या झालेल्या असतात आणि मागचा कातळ त्यांच्यामधून दिसू लागलेला असतो.